ताट-पेला सोबत आणावा

वाटूर,
१२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
बुद्धभूषणचा सविनय जय भीम. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. फोनवर आपल्याला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे आपण स्वतःच्या मनाने भरता, हे आपणच मान्य केल्यामुळे महत्त्वाची गोष्ट पत्रानेच कळवत आहे. गोष्ट आमच्या शाळेच्या कचऱ्याची आहे. कृपया कंटाळू नये. आधी निरीक्षण, मग कारण, मग उपाय असा क्रम ठेवतो. तो आपणच मला शिकवला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या मुलांनी शाळेचे आवार आणि मागची गल्ली झाडली व कचऱ्याचे प्रकारवार ढीग केले. सर्वांत मोठा ढीग चिप्सच्या पाकिटांचा निघेल असा माझा अंदाज होता. शाळेच्या फाटकासमोर हुकमचंद शेठजींचे किराणा दुकान आहे. पाकिटे तिथूनच येतात. शेठजींना नम्रपणे समजावून सांगण्यासाठी मी भाषणही तयार केले होते. ते वाया गेले. सर्वांत मोठा ढीग प्लास्टिकच्या पेल्यांचा आणि चकाकी मारलेल्या कागदी पत्रावळींचा निघाला, आणि तो शेठजींचा नसून आमचाच होता. पंधरा ऑगस्टचा चहा, पालकसभेचा नाश्ता, निरोप समारंभाचे जेवण: आम्ही जितके कार्यक्रम घेतो तितका कचरा होतो. त्यात स्वच्छता पंधरवड्याच्या समारोपाचे पेलेही सापडले.

हे पेले मागच्या नालीत जातात, नाली तुंबते, आणि पाणी गल्लीत पसरते. पत्रावळींना वरणाचा वास असतो, म्हणून त्या द्वारकाबाईंची शेळी खाते. नालीच्या पलीकडेच त्यांचे घर आहे. मागच्या महिन्यात शेळीचे पोट फुगले. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत मी द्वारकाबाईंना समजावून सांगितले की शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात आणि प्लास्टिक पहिल्या दोन कप्प्यांतच अडकून बसते. त्या म्हणाल्या की, सर, कप्पे चार असू द्या, पण शेळी माझी एकच हाये. शेळी वाचली.

आता उपाय. १ फेब्रुवारीला शाळेचे स्नेहसंमेलन आहे व त्यानंतर गावजेवण आहे. त्यात फेकून देण्याजोगी एकही वस्तू वापरायची नाही, असे ठरले आहे. या विषयावर बोलू शकेल असा प्रमुख पाहुणा हवा, असे मुख्याध्यापिका वंदनाताई म्हणाल्या. मी आपले नाव सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. मी इथे बदलून आलो त्याला बरीच वर्षे झाली, पण आपण माझी शाळा अजून पाहिलेली नाही. या निमित्ताने ती पाहावी, अशी माझी फार इच्छा आहे.

ज्योत्स्ना जय भीम सांगते आणि पत्राच्या लांबीत तिचा काहीही वाटा नाही, हेही सांगते. आपली माया पाठीशी आहे, तशीच राहू द्यावी.

आपला,
बुद्धभूषण

हसनाबाद,
१९ डिसेंबर २०२४

चि. बुद्धभूषण यास पुंजारामचे अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र वाचले. क्रम बरोबर आहे. शेळीला दिलेली जागा मात्र विषयाच्या मानाने जास्त आहे.

मी येतो. शाळेत मास्तर होतो तेव्हा प्रमुख पाहुण्यांसाठी पुष्कळ खुर्च्या लावल्या. त्यांपैकी एकीवर बसण्याचा योग तेव्हा आला नाही, तो आता येत आहे. राखाडी रंगाचे जाकीट शिवायला टाकले आहे. कशासाठी, असे शिंप्याने विचारले, तेव्हा मुलाच्या शाळेत मला बोलावले आहे, एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत झाले होते. त्यात माझा हात नाही.

भाषण थोडक्यात करीन. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो मोठा लागतो. ध्वनिक्षेपकाचा खर्च वाचेल.

सूनबाईंस आशीर्वाद. लोभ आहे, तो तुम्ही जपता हे मी जाणतो.

तुझे बाबा

वाटूर,
३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आपण येणार हे वाचून झालेला आनंद शब्दांत मांडण्याचा मी प्रयत्न केला, पण ज्योत्स्नाने तो कागद काढून घेतला आणि मुद्द्याचे लिहा म्हणाली.

सोबत छापील पत्रिका जोडली आहे. वर आपले नाव आहे. शेवटची ओळ कृपया सावकाश वाचावी, कारण संपूर्ण योजना तिच्यात आहे: ‘येताना आपापले ताट, वाटी व पेला सोबत आणावा.’

योजना अशी. प्रत्येकाने आपले भांडे आणायचे, आपल्याच भांड्यात जेवायचे, आपणच ते धुऊन घरी न्यायचे. पेले विकत आणायला नकोत, फेकायला नकोत, आणि नाली मोकळी राहील. ज्याचे भांडे त्याची जबाबदारी, म्हणजे धुण्यावरून भांडण नाही. मी हे बऱ्याच जणांना समजावून सांगितले. हुकमचंद शेठजींना कल्पना एकदम पटली. आमच्याकडं तर पहिल्यापासून हेच है, असे ते म्हणाले. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या नंदाबाई म्हणाल्या की, सर, ही आयडिया आधी का न्हाई सुचली, मी भांडी घासू घासू मरून राह्यले इथं.

नियम सर्वांना सारखा असल्यामुळे तो प्रमुख पाहुण्यांनाही लागू आहे. आपणही येताना आपला पेला आणावा. घरातला जुना, पोचा आलेला असला तरी चालेल. व्यासपीठावर आपण तो सर्वांना वर करून दाखवलात, तर मुलांवर फार चांगला परिणाम होईल.

आपल्या येण्याकडे डोळे लागले आहेत. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
बुद्धभूषण

हसनाबाद,
९ जानेवारी २०२५

चि. बुद्धभूषण यास अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्रिका मिळाली. छपाई चांगली आहे.

१ फेब्रुवारीला येणे मला जमणार नाही. प्रकृती ठीक आहे, तेव्हा ती विचारण्यासाठी पत्र लिहू नये. मी माझा पेला घेऊन कोणाच्या दारी जात नाही. मुख्याध्यापिकांना दुसरा पाहुणा पाहण्यास सांगावे. अजून वेळ आहे.

सूनबाईंस आशीर्वाद.

तुझे बाबा

वाटूर,
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आणि अडचण नेमकी कुठे आहे, याचा पद्धतशीर विचार केला.

पहिली शक्यता सामानाची. हसनाबादहून जालना आणि जालन्याहून वाटूर असा दोन बसचा प्रवास, त्यात पिशवीत ताट आणि पेला. या वयात ते सांभाळणे त्रासाचे आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. दुसरी शक्यता अशी की घरचा पेला जुना आहे आणि चारचौघांत तो काढणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही. दोन्ही शक्यतांवर मी एकच उपाय शोधला आहे आणि तो आपल्याला आवडेल, अशी खात्री आहे.

मी आपल्यासाठी स्टीलचा नवा पेला घेतला. भांड्यांच्या दुकानात त्यावर ‘पुंजाराम’ असे नावही कोरून घेतले. अक्षर सुवाच्य आले आहे. हा पेला इतर भांड्यांत मिसळणार नाही. कार्यालयात एक फळी रिकामी केली आहे, त्यावर तो वेगळा ठेवला आहे. त्यातून दुसरे कोणीही पाणी पिणार नाही आणि तो आपल्याशिवाय कोणाला दिला जाणार नाही, अशी सूचना मी शिपायांना दिली आहे. कार्यक्रमानंतरही तो तिथेच राहील. पुढे आपण केव्हाही आलात, तर आपला पेला चटकन ओळखता येईल.

म्हणजे आपल्याला काहीच आणायचे नाही. आता नाही म्हणू नये. आपल्या होकाराची वाट पाहतो.

आपला,
बुद्धभूषण

बदनापूर,
२० जानेवारी २०२५

प्रिय भूषण,
ताईचा सप्रेम जय भीम.

काल रविवार म्हणून हसनाबादला जाऊन आले. तुझं पत्र आदल्या दिवशी आलेलं. बाबांनी ते माझ्याकडे दिलं आणि जाकीट घडी करून ट्रंकेत ठेवायला लागले. ते बघून मला जरा भीती वाटली.

तू सगळ्या जगाला समजावून सांगतोस. आज मी तुला सांगते, मधे शंका विचारू नकोस.

बाबा लहान असताना आजोबा त्यांना बाजाराला न्यायचे. बाजारात एक हॉटेल होतं. त्याच्या बाहेर, छपराच्या कुडात, कान तुटलेला एक कप खोचलेला असायचा. तो आपल्या लोकांचा. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, बाहेर बसून चहा प्यायचा, पुन्हा धुऊन तिथंच खोचायचा. आत कपांची रांग लावलेली असायची, त्यातला आपल्याला नाही. एका बाजाराला तो कप फुटलेला निघाला. हॉटेलवाला आजोबांना म्हणाला की, मी काय तुमच्यासाठी दुसरा घेत बसू का, येताना आपापला घरून आणत जा. रागावून नाही रे, अगदी सहज, तुझ्या पत्रिकेसारखं. त्यानंतर बाजाराच्या पिशवीत घरचा कप असायचा आणि तो फुटू नये म्हणून पिशवी बाबांनी छातीशी धरायची. एक दिवस बाबांनीच आजोबांना सांगितलं की मला चहा नको, मी पिशवी धरणार न्हाई. त्यांनी बाजारातला चहा सोडला तो तेव्हा.

हे मला आईनं सांगितलं होतं. तुला कुणीच सांगितलं नाही. मी काल बाबांना म्हणाले की त्याला माहीतच नाही, तर म्हणाले की, त्याला माहीत न्हाई तेच बरंय, त्याला माहीत पडू नये म्हणून तर शिकवला.

तेव्हा तुझ्यावर राग नाही. पण पेल्यावर नाव कोरून तो वेगळ्या फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्या कुणी त्याला शिवायचं नाही, ही कल्पना, भूषण, त्या हॉटेलवाल्यालासुद्धा सुचली नव्हती.

त्यांना तुझी शाळा बघायची आहे. जाकीट घडी करताना बाहीवरचा दोरा त्यांनी किती जपून तोडला, ते मी पाहिलं. बाकी तू ठरव. १ तारखेला मला ऑफिसमधून सुट्टी नाही, येता येणार नाही. ज्योत्स्नाला विचारल्याचं सांग, आणि माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
भावनाताई

वाटूर,
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

ताईचे पत्र आले. त्यावर मला काहीही समजावून सांगायचे नाही. काय केले, तेवढे कळवतो.

पत्रिकेची शेवटची ओळ काढून टाकली आहे. उरलेल्या पत्रिकांवरून मुलांनी ती कात्रीने कापली. त्या पट्ट्यांचा थोडा कचरा झाला; त्यांच्या मागच्या बाजूवर पहिलीची मुले बेरजा करत आहेत. ज्यांच्याकडे पत्रिका आधीच गेल्या होत्या, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो.

आता प्रत्येक घराने एक ताट, एक वाटी आणि एक पेला शाळेला कायमचा द्यायचा आहे. ही भांडी कोणाची नाहीत, शाळेची. सगळी एकाच ढिगात राहतील आणि हाताला येईल ते भांडे घ्यायचे. आपल्या नावाचा पेलाही फळीवरून काढून मी त्याच ढिगात टाकला आहे. तो कोणाच्या हाती जाईल, हे आता मलाही सांगता येणार नाही. पुढचे सर्व कार्यक्रम याच भांड्यांवर होतील आणि गल्लीतल्या लग्नाकार्यालाही ती मिळतील. नालीचा प्रश्न पहिल्या योजनेपेक्षा अधिक नीट सुटतो, हे मी केवळ नोंद म्हणून लिहितो.

ग्रामसभेत हे मांडले तेव्हा सगळे गोड झाले नाही. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की, ताट देऊन राह्यलो, पण त्याच्यावर आमच्या घराण्याचं नाव हाये, पंगतीत ते आम्हालाच आलं पाहिजे. मी म्हणालो की त्यांनी ते ढिगातून शोधून घ्यावे, पंगत तोवर थांबणार नाही. त्यांनी पुढे विचारले की दुसऱ्या कोणी त्यात जेवले तर काय. वंदनाताईंनी शांतपणे सांगितले की मग त्याचे पोट भरेल. गृहस्थ ताट घेऊन घरी गेले. ते जेवायला येतील की नाही, माहीत नाही.

नंदाबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारले की, मंग आता हा एवढा ढीग धुयाचा कोणी, तुमच्या सासूनं का. ज्योत्स्ना शेजारीच उभी होती. त्यानंतर असे ठरले की जेवण झाल्यावर तीन टोपल्यांची रांग लागेल: पहिल्या टोपलीत खरकटे, ते द्वारकाबाईंच्या शेळीला, मग राखेचे पाणी, मग स्वच्छ पाणी. प्रत्येकाने एक संच धुवायचा, पण तो स्वतःचाच असला पाहिजे असे नाही. टोपलीत पाणी राहत नाही हे नंदाबाईंनी लक्षात आणून दिले, त्यामुळे दोन टोपल्यांच्या जागी आता घंगाळी आहेत.

दुसरा पाहुणा पाहण्यास मी अजून कोणाला सांगितलेले नाही. आग्रह करत नाही. आपण आला नाहीत, तर खुर्ची रिकामी राहील आणि का रिकामी आहे, हे मी मुलांना सांगेन. ते मला सांगता आले पाहिजे, असे आता वाटते.

माझ्यावरची माया कमी करू नये, एवढेच मागणे.

आपला,
बुद्धभूषण

हसनाबाद,
३ फेब्रुवारी २०२५

चि. भावना हिस पुंजारामचे अनेक आशीर्वाद. जय भीम.

तू फोनवर काहीतरी विचारलेस. वाटूरबद्दल असावे, असे धरून उत्तर देतो.

गेलो होतो. कोणाला कळवले नाही, कारण जालन्याच्या स्थानकावर विचार बदलला असता तर तो माझ्याजवळच राहिला असता. हातात काही घेतले नव्हते, पिशवीसुद्धा नाही. जाकीट काखेत घट्ट झाले आहे.

मी पोहोचलो तेव्हा भूषण शाळेमागच्या नालीपाशी उभा राहून पाहुण्यांना पाण्याचा उतार समजावून देत होता. नाली खरोखर मोकळी होती, मी वाकून पाहिली. मला पाहिल्यावर त्याचे वाक्य अर्धवट राहिले. हे मी त्याच्या जन्मापासून प्रथमच पाहिले. तो पाया पडायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. मागे मुले उभी होती, म्हणून मी त्याला हाताला धरून उठवले.

शाळा चांगली आहे. फळा नीट पुसतात. भाषणात मी कचऱ्याबद्दल बोललो, दुसरे काही बोललो नाही. ज्याला समजायचे, त्याला समजले असेल. मागच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले, यावरून आवाज पुरेसा होता.

जेवणाचे सांगतो. धुण्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. मी रांगेत उभा राहिलो. मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या आणि प्रमुख पाहुण्यांनी धुवायचे नसते म्हणाल्या. नियम सर्वांना सारखा आहे, असे तुमच्याच शिक्षकाचे पत्र माझ्याकडे आहे, असे मी त्यांना सांगितले. एक संच धुतला. नंदाबाई नावाच्या बाईंनी तो परत केला आणि म्हणाल्या की, बाबा, वाटीच्या बुडाला राहिलंय बघा. पुन्हा धुतला.

ताट मी ढिगाच्या वरचे घेतले. त्यावर कोरले होते: ‘चि. मिथुनला वाढदिवसानिमित्त मामाकडून’. मिथुन कोण, हे कळले नाही. मी त्याच्या ताटात वरण-बट्टी जेवलो, वांग्याची भाजी तिखट होती. आपले ताट घरी नेलेले एक गृहस्थ आहेत म्हणे. ते उशिरा आले आणि पत्रावळ मागू लागले. पत्रावळ नव्हती. पुढे त्यांनी काय केले, ते पाहायला मी थांबलो नाही, वरण गार होत होते.

माझ्या शेजारी शाळेसमोरचे दुकानदार हुकमचंद शेठजी बसले होते. माझ्याच वयाचे आहेत. जैन लोकांत काही जण गाळून उकळलेलेच पाणी पितात, ते त्यांपैकी. पाण्याचा तांब्या त्यांनी घरून आणला होता. पेला मात्र आणला नव्हता. ढिगातला उचलला, त्यात घरचे पाणी ओतून प्याले. मी पाहत होतो, हे त्यांना दिसले असावे. त्यांनी विचारले की, मास्तर, घेता का, उकळलेलं है, पोटाला बराबर राहतं.

मी पेला पुढे केला. त्यांनी हात उंच करून वरून धार धरली नाही. तांब्याची कड माझ्या पेल्याच्या कडेला टेकवली आणि पेला भरेपर्यंत तशीच टेकलेली ठेवली.

पाणी कोमट होते. चव अशी काहीच नव्हती. ते संपवून मी पुन्हा मागून घेतले.

लोभ आहेच, वेगळा लिहीत नाही.

तुझे बाबा